चेअर मसाज आणि वैरागच्या वन्सं

आमच्या कंपनीत दर आठवड्याला कर्मचाऱ्यांना खुर्चीत बसवून मालिश केली जाते, असं मी एका फॉर्मवर लिहिलं, तेव्हा माझी स्वतःची मान डावीकडे वळत नव्हती.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. सांभाळते म्हणजे, पॅकिंग लिस्टपासून पाण्याच्या जारपर्यंत जे जे कुणाचंच काम नसतं ते माझं असतं. दिवसाचे नऊ तास मी एका खुर्चीत बसते. ती खाली-वर करायचा खटका दोन वर्षांपूर्वी मोडला, तेव्हापासून ती खाली आहे. मॉनिटर मात्र वर आहे, कारण त्याच्याखाली जुन्या फायली आहेत. (त्या काढा, असं डॉक्टर म्हणाले. काढून ठेवायच्या कुठं, ते डॉक्टर म्हणाले नाहीत.) त्यामुळे माझी मान दिवसभर देवळाचा कळस बघितल्यासारखी वर असते, आणि संध्याकाळी जुळे सोलापूरला घरी जाताना डावीकडे बघायचं असेल तर मी आधी अख्खी स्कूटर डावीकडे वळवते, मग बघते.

तर फॉर्म. परदेशातल्या हॉटेलांना टॉवेल पुरवणारी एक मोठी पार्टी आम्हाला वर्षभराची ऑर्डर देणार होती. त्या ऑर्डरसाठी आमच्या मालकांनी कितीतरी महिने चपला झिजवल्या होत्या. ती मिळाली तर कारखान्यातल्या चौसष्ट माणसांना वर्षभर काम होतं. नाही मिळाली तर निम्मे माग बंद ठेवावे लागणार होते. मध्ये अडथळा एकच, कारखान्याची तपासणी. आणि तपासणीच्या आधी फॉर्म. त्यात एक प्रश्न होता: टेबलाशी बसून काम करणाऱ्यांच्या मान, पाठ व खांद्यांवरचा ताण कमी करण्यासाठी आपण काय करता?

खरं उत्तर होतं, ‘बाम’. तोही ज्याचा त्यानं आणायचा. पण कॉम्प्युटर दहा अक्षरांपेक्षा लहान उत्तर घेत नव्हता. तेवढ्यात मला माझ्या मुलीनं पाठवलेला फोटो आठवला. ती पुण्याला नोकरी करते. तिच्या ऑफिसात एक माणूस घडीची खुर्ची घेऊन येतो, तिला तोंड घालायला भोक असतं, त्यात तोंड घालून बसायचं आणि तो दहा मिनिटं खांदे दाबून देतो. मी लिहिलं, ‘दर आठवड्याला चेअर मसाज’, आणि बटण दाबलं. फॉर्म आनंदानं पुढं गेला.

पंधरा दिवसांनी मेल आला. गुरुवारी तपासणीला येत आहोत. चेअर मसाज प्रत्यक्ष चालू असताना पाहायला आवडेल.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, चेअर मसाज म्हणजे काय?”

“खुर्चीत बसवून खांदे दाबतात.”

“आपल्याकडं होतो?”

“फॉर्मवर होतो.”

मालकांनी पेपरवेट एकदा फिरवला. मग अगदी शांतपणे म्हणाले, “ऑर्डर गेली तर कुणामुळं गेली, हे मी सगळ्यांना नावानिशी सांगणार. मला लपवाछपवी जमत नाही.”

मी फोनाफोनी केली. पुण्याचा खुर्चीवाला महिनाभर मोकळा नव्हता. सोलापुरातल्या दोन पार्लरवाल्या म्हणाल्या की त्या फक्त पार्लरमध्येच करतात, आणि एकीनं विचारलं, “नवरी कोण आहे?” मंगळवारी संध्याकाळी मी घरी डोकं धरून बसले, तेव्हा आमचे हे टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, “ताईला बोलव की. मालिशच करायची ना?”

ताई म्हणजे यांची थोरली बहीण, माझ्या नणंद, वैरागच्या महादेवी वन्सं. वय बासष्ट. वैरागात गेल्या चाळीस वर्षांत जन्मलेलं एकही बाळ त्यांच्या हातून सुटलेलं नाही. सव्वा महिना तेल लावून चोळायचं, हातपाय ओढून सरळ करायचे, डोकं गोल करायचं, मग धुरी, मग घट्ट गुंडाळून झोपवायचं. माझी मुलगीही त्यांनीच चोळली. तिचं नाकही त्यांनी ओढून सरळ केलं. (ते माझ्याकडचं नाक होतं. वन्संना पटलेलं नव्हतं.)

बुधवारी संध्याकाळी हे त्यांना एसटी स्टँडवरून घेऊन आले. सोबत एक पोतं होतं. पोत्यात काय आहे, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

“हे बघा वन्सं,” मी त्यांना समोर बसवून सांगितलं, “माणूस खुर्चीत उलटा बसणार. कपड्यांवरनं करायचं. फक्त मान आणि खांदे. दहा मिनिटं. तेल नाही.”

“तेल न्हाय?” वन्संनी माझ्याकडे बघितलं. “मग काय कोरडंच घासू? मानूस हाय का तवा?”

“ऑफिस आहे ते. कपडे खराब होतील.”

“आन खुर्चीत कशी हुती मालिश? मी पाय लांब करून बसती, पोराला पायावर घेती.”

“तिथं पोरं नाहीत. मोठी माणसं आहेत.”

“बापय मानसं?” वन्संनी पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. “बापय मानसाला मी हात लावत न्हाय. सांगून ठेवती.”

मी घाईनं सांगितलं, की पॅकिंगला बायका आहेत, त्यांच्यातलीच एक बसवू. यावर त्या राजी झाल्या. तेल लावणार नाही असंही कबूल केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुजी मान वाकडी दिसती गं. बस, बगती.” मी म्हणाले, “आधी तपासणी होऊ द्या.” स्वतःच्या मानेपेक्षा ऑफिसच्या फॉर्मची काळजी जास्त करणाऱ्या बाईला आणखी काय सुचणार?

गुरुवारी सकाळी मी रेकॉर्ड रूममधल्या फायली एका भिंतीला लावल्या, दारावर ‘वेलनेस कॉर्नर’ असा कागद चिकटवला आणि खुर्ची आणली. कारखान्यात एकाच खुर्चीचा खटका चालू आहे, मालकांच्या. ती उलटी केली, पाठीवर आमचेच पांढरे एक्स्पोर्टचे टॉवेल रचले, आणि तोंड ठेवायला वर टॉवेलची चुंबळ करून बसवली, डोक्यावर घागर घेताना करतात तशी. पुण्याच्या खुर्चीहून ती मला जास्त मजबूत वाटली. मालक केबिनमध्ये उभे राहिले. “पाहुण्यांच्या मानासाठी उभे आहात असं सांगा,” मी त्यांना सुचवलं.

तेवढ्यात पॅकिंगच्या बायकांनी निरोप पाठवला, की तपासणीच्या दिवशी एकही बाई जागेवरून हलणार नाही, माल मोजायचाय. उरले डिस्पॅचचे बिराजदार. वय चौतीस, झुपकेदार मिशा, आणि फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून धरून उजवा खांदा कानाला चिकटलेला. चेअर मसाजच्या जाहिरातीला याहून योग्य माणूस सापडला नसता. पण वन्सं बापय माणसाला हात लावणार नव्हत्या.

बिराजदार दारात आले आणि थबकले. वन्संही थबकल्या.

“आरं,” वन्सं म्हणाल्या, “तू वैरागच्या शांताबाईचा धाकटा न्हवं?”

“व्हय,” बिराजदारांची ऑफिसची भाषा एका क्षणात गळून पडली. “महादेवी आत्या?”

“तुला म्या सव्वा म्हयना चोळलंय. लई रडायचास. बस हितं.”

माझा प्रश्न सुटला. निदान त्या क्षणी मला तसं वाटलं. वन्संच्या लेखी बिराजदार हे बापय माणूस नव्हते, बाळ होते, आणि बाळाला हात लावायला हरकत नव्हती. मी दोघांना तिथं सोडून गेटवर गेले, कारण वॉचमननं फोन केला होता, गाडी आली.

तपासणीला आलेली बाई तिशीतली होती, नाव रश्मी, मूळची बेळगावची, त्यामुळे मराठी बऱ्यापैकी बोलत होती. सकाळी विजापूरहून निघून गाडीत मान टाकून झोपली होती आणि आता तिची मान उजवीकडे वळत नव्हती. माझी डावीकडे वळत नव्हती. आम्ही समोरासमोर उभ्या राहून बोलत होतो आणि दोघींची तोंडं दोन वेगळ्या गेटांकडे होती.

तिनं माग बघितले, पाण्याची टाकी बघितली, संडास बघितले. सगळीकडे टिकमार्क. केबिनमध्ये चहा घेताना तिनं मालकांना विचारलं, “तुम्ही बसत का नाही?”

“मला उभं राहायला आवडतं,” मालक म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की माझी मान आणखी थोडी आखडली.

“आता चेअर मसाज बघू या,” रश्मी मॅडम म्हणाल्या, आणि आगीचा भोंगा वाजला.

हा भोंगा चालू स्थितीत असल्याचंही मीच फॉर्मवर लिहिलं होतं. ते खरं निघालं याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य मला वाटलं. माग धडाधड थांबले. माणसं पळत पळत गेटजवळच्या कडुलिंबाखाली जमली, कारण तिथं तसा बोर्ड आहे. रश्मी मॅडम घड्याळ बघत माझ्याबरोबर चालत आल्या. त्यांना वाटलं, मी मुद्दाम कवायत ठेवलीय.

“छान,” त्या म्हणाल्या. “आता हजेरी घ्या.”

मी घेतली. त्रेसष्ट झाले.

“एक कमी आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा पेन कागदावर टेकला. “आगीत एक माणूस आत राहिलाय. कोण?”

मी उत्तर द्यायच्या आत रेकॉर्ड रूमचं दार उघडलं. आतून आधी पांढरा धूर बाहेर आला, ओव्याचा खमंग वास असलेला. धुरातून वन्सं आल्या, हातात शेगडी. आणि त्यांच्यामागून, छोटी छोटी पावलं टाकत, बिराजदार.

छोटी पावलं अशासाठी, की ते खांद्यापासून घोट्यापर्यंत एक्स्पोर्टच्या तीन बाथ टॉवेलांत घट्ट गुंडाळलेले होते, हात आत. तोंड तेलानं आरशासारखं चमकत होतं. डोक्याला टॉवेलचंच टोपडं, गाठ हनुवटीखाली, मिशांच्या बरोबर खाली. कानात कापसाचे बोळे, म्हणून त्यांना भोंगा ऐकूच आला नव्हता. आणि डाव्या गालावर काजळाची तीट. (एवढा मोठा कारखाना, कुणाची नजर लागायची!)

मग पॅकिंगच्या कुणा बाईनं अगदी हळू आवाजात अंगाई म्हणायला सुरुवात केली, आणि कडुलिंबाखाली जे हसू फुटलं ते मालकांनाही आवरलं नाही.

“वन्सं,” मी दातांतल्या दातांत म्हणाले, “तेल लावणार नाही म्हणाला होतात.”

“न्हवती लावनार. पर त्येच्या खांद्याचा दगुड झालाय, कोरडा कसा सुटंल?”

“आणि ही शेगडी?”

“धुरी दिल्याबिगर मालिश पुरी हुती व्हय? अर्धवट काम मी करत न्हाय.”

कागदांच्या खोलीत, फायलींच्या भिंतीशेजारी, कोळशाची शेगडी. पोत्यात ती होती. मी रश्मी मॅडमकडे पूर्ण अंगानं वळून बघितलं. त्यांचा पेन थांबला होता. त्या बिराजदारांना विचारत होत्या, “तुम्हाला बळजबरीनं केलं का?”

वन्संनी त्यांच्या एका कानातला बोळा काढला. प्रश्न पुन्हा विचारला गेला.

“नाही मॅडम,” बिराजदार टोपड्यातून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत झोप होती. “मॅडम, खांदा खाली आला.”

खरोखर आला होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही खांदे एका रेषेत होते. लोक जवळ येऊन बघायला लागले.

तेवढ्यात रश्मी मॅडमना त्यांच्या साहेबांचा फोन आला. त्या कन्नडमध्ये बोलल्या आणि बोलता बोलता मानेला हात लावून कळवळल्या. झालं. वन्संचं माहेर अक्कलकोटकडचं, आमच्या सासरी अर्धं बोलणं कन्नडमध्येच चालतं. शेगडी त्यांनी माझ्या हातात दिली.

“बा यव्वा, कुंद्र,” त्या म्हणाल्या. ये बाई, बस.

आणि कंपन्यांच्या कंपन्यांना नापास करणारी ती बाई मुकाट्यानं मालकांच्या खुर्चीत जाऊन उलटी बसली आणि चुंबळीत तोंड घातलं. दारंखिडक्या उघडून आम्ही धूर बाहेर काढला. वन्सं काम करत होत्या आणि दोघी कन्नडमध्ये बोलत होत्या. मी शेगडी घेऊन दारात उभी.

कन्नड मला फारसं येत नाही. सत्तावीस वर्षांत सासरी जे कानावर पडलं, त्यातले बोलणी खायचे शब्द तेवढे पाठ आहेत. ‘सुळ्ळ’ म्हणजे खोटं, हा त्यातला पहिला. वन्सं माझ्याकडे अंगठा करून म्हणाल्या, “इकी सुळ्ळ बरदाळ.”

हिनं खोटं लिहिलंय. मालकांना कन्नड उत्तम येतं. त्यांनी डोळे मिटले.

चुंबळीतून आवाज आला, मराठीत, जरा गुदमरलेला. “सुरेखा मॅडम, या बाई म्हणतात की त्या आज पहिल्यांदाच आल्यात. खरं आहे?”

चौसष्ट माणसांच्या वर्षभराच्या कामाचा प्रश्न होता, आणि उत्तर दहा अक्षरांचं असायची गरज नव्हती.

“हो,” मी म्हणाले.

वन्संनी त्याच क्षणी मानेला असा काही हात घातला, की कट्ट असा आवाज झाला. माझ्या काळजातही झाला. रश्मी मॅडम हळूहळू उठल्या. त्यांनी उजवीकडे बघितलं. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे, उगाचच, मजा म्हणून.

“आणखी एक,” त्या म्हणाल्या. “त्या मला विचारत होत्या, की मागावर दिवसभर उभे असतात त्यांचं काय?”

“प्रश्न टेबलाशी बसणाऱ्यांचा होता,” मी म्हणाले. “मागावरच्यांना खुर्च्या नाहीत.”

“ज्याला खुर्चीच न्हाय, त्येची पाठ दुकत न्हाय व्हय?” वन्सं हात पुसत म्हणाल्या. एक्स्पोर्टच्या टॉवेलला.

मालक आपल्या खुर्चीवरचे तेलाचे डाग बघत होते.

अहवाल आठवड्यानं आला. भोंगा, उत्तम. शेगडी, गंभीर दोष, पुन्हा आढळल्यास ऑर्डर रद्द. चेअर मसाजबाबत दिलेली माहिती खोटी. ती तीन महिन्यांत खरी करून दाखवावी, तोवर ऑर्डर चालू राहील. मसाज दर गुरुवारी, मागावरच्यांसह सर्व चौसष्ट कर्मचाऱ्यांना, आळीपाळीनं. जबाबदार व्यक्ती, आणि पुढं माझं पूर्ण नाव. मालकांनी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांना लपवाछपवी जमत नाही.

तेव्हापासून वन्सं दर बुधवारी आमच्याकडे मुक्कामाला येतात. पोतं मी दारातच तपासते. बापय माणसांचा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता सोडवलाय, चाळिशीच्या आतला तो पोर. चाळिशीच्या वरच्या बाप्यांसाठी बिराजदारांना त्या हाताखाली शिकवतायत, आणि मालक अठ्ठावन्न वर्षांचे असल्यानं त्यांना बिराजदारांवरच भागवावं लागतं. मागावरच्या लोकांसाठी उभ्या उभ्या टेकायला दोन स्टुलं आली. रेकॉर्ड रूमला वास येतो, पण फायली नीट लागल्या.

यादी मी करते, म्हणून माझं नाव शेवटी. स्वतःचं आधी घातलं असतं तर कारखान्यानं काय म्हटलं असतं? एका गुरुवारी आठ जणांचा नंबर लागतो. माझा लागायला आला, की मागावर दोन नवी माणसं लागतात, आणि नव्यांना आधी, असा नियम आहे. तो नियमही मीच केलाय.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी स्कूटरवरून घरी येतो. वन्सं हॉलमधल्या खुर्चीत बसतात, दोन्ही हात लांब करतात आणि म्हणतात, “सुरेखा, आट जनं झाली बग आज. खांदं लई भरून आलेत. जरा दाब की.”

मी त्यांच्यामागं उभी राहते आणि दाबते. कपड्यांवरून, तेल न लावता, दहा मिनिटं, अगदी पुण्यासारखं.

“हितं न्हाय गं. डावीकडं. दिसत न्हाय का?”

नाही दिसत. मी आधी अख्खी वळते, मग बघते, मग दाबते. हे टीव्हीवरची नजर न काढता म्हणतात, “चांगलं जमतंय तुला.” तीन महिने भरले की रश्मी मॅडम पुन्हा येतील तेव्हा विचारतील, दर आठवड्याला चेअर मसाज होतो का? यावेळी मी छातीठोकपणे लिहिणार आहे की होतो, आमच्या घरीसुद्धा होतो. फक्त त्या चेअरवर मी नसते.